हरणाऱ्या संघालाच हिरा का मिळतो? कॉनर बेडार्ड, शिकागोची शंभर वर्षे आणि चौदा चेंडूंची सोडत

शिकागो ब्लॅकहॉक्स या अमेरिकेतील आइस हॉकी क्लबने २०२५-२६ हा हंगाम शताब्दीचा हंगाम म्हणून साजरा केला. शंभर वर्षांच्या या संस्थेचा सर्वांत ठळक चेहरा होता कॉनर बेडार्ड, वय वर्षे वीस. हा मुलगा शिकागोचा नाही. तो कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नॉर्थ व्हँकूव्हरचा. शिकागोने त्याला बोली लावून विकत घेतले नाही, त्यानेही शिकागोला पसंती दिली नाही. आदल्या वर्षी शिकागोचा संघ अतिशय वाईट खेळला आणि मे २०२३ मध्ये एका यंत्रातून चार चेंडू शिकागोच्या बाजूने बाहेर पडले, म्हणून तो तिथे गेला. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना ही पद्धत शाळेतच समजते. त्यांच्या इथल्या आजोबांना मात्र ती चमत्कारिक वाटते. हरणाऱ्याला बक्षीस देण्याचा हा प्रकार आहे तरी काय, आणि एखाद्या क्लबच्या शंभरीशी त्याचा काय संबंध, हे पायरीपायरीने पाहू.

आधी खेळापुरते

बर्फाच्या बंदिस्त मैदानावर दोन संघ उतरतात. एका वेळी प्रत्येकी पाच स्केटर आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत, म्हणजे साठ मिनिटांचा. जो गोल करतो त्याच्या नावावर एक पॉइंट जमा होतो, आणि ज्याच्या पासमुळे तो गोल झाला त्यालाही एक पॉइंट मिळतो. एका गोलासाठी असे जास्तीत जास्त दोन साथीदार मोजले जातात. खेळाडूची किंमत प्रामुख्याने या पॉइंटांवर ठरते.

सर्वोच्च स्पर्धा नॅशनल हॉकी लीग. पुढे तिला नुसते ‘लीग’ म्हणू. तिच्यात आज अमेरिका आणि कॅनडातील ३२ संघ आहेत आणि विजेत्याला स्टॅन्ले कप मिळतो. खेळाबद्दल एवढे कळले की पुरे, कारण आपल्याला समजून घ्यायची आहे ती त्याची व्यवस्था.

लिलाव नव्हे, पाळी

आयपीएलचा लिलाव आपल्याला पाठ आहे. ज्याची थैली मोठी आणि निश्चय पक्का, त्याच्याकडे खेळाडू जातो. आइस हॉकीत नवोदित खेळाडूंसाठी थैली उघडायची सोयच नाही. दरवर्षी जूनअखेर सगळे क्लब पाळीपाळीने एकेका तरुणाचे नाव घेतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. ज्या क्लबने नाव घेतले, त्याच्याशिवाय अन्य कोणत्याही क्लबला त्या मुलाशी करार करता येत नाही. पहिली पाळी, ढोबळमानाने, आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांकडे जाते आणि विजेता शेवटी उरतो.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असेही नाही. २००८ साली, आयपीएलच्या पहिल्या हंगामापूर्वी, एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलावाऐवजी ड्राफ्टच झाला होता. त्यात दिल्लीने घरचा विराट कोहली उपलब्ध असताना वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानला घेतले आणि कोहली बंगळूरूला गेला. दिल्लीकरांनी ते नाव घेतले असते तर पुढच्या सतरा-अठरा वर्षांचे चित्र कसे दिसले असते, ही चर्चा अजून संपलेली नाही. उत्तर अमेरिकेत अशी चर्चा दर जूनला नव्याने सुरू होते.

त्याआधी काय होते?

ड्राफ्ट ही मुलावर लादलेली सक्ती आहे, असे प्रथमदर्शनी वाटते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु त्यापूर्वीची पद्धत पाहिली तर मत थोडे सौम्य होते. १९६३ पर्यंत लीगमधील क्लब कनिष्ठ वयोगटांतील संघांना पैसा पुरवीत आणि त्या बदल्यात तिथल्या मुलांवर हक्क सांगत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पालकांची सही एका छापील अर्जावर घेतली, की त्याचे पुढचे सारे व्यावसायिक आयुष्य त्या क्लबच्या हाती जाई.

या खेळातील सर्वश्रेष्ठ बचावपटूंत गणला जाणारा बॉबी ऑर हा ऑन्टारियोतील पॅरी साउंड या लहान गावचा. बॉस्टन ब्रुइन्सने १९६२ साली त्याला करारात बांधले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बदल्यात कुटुंबाला काही रोख रक्कम, एक नवी मोटार आणि घराच्या भिंतींना नवा गिलावा मिळाला, असे सांगितले जाते. ज्याच्या खेळाने बॉस्टनला पुढे दोन स्टॅन्ले कप मिळाले, त्याच्या हक्कांच्या हिशेबात गिलावाही धरला जात होता.

या पद्धतीत श्रीमंत आणि दूरदर्शी क्लब गावेच्या गावे आपल्या नावावर करून ठेवीत. तिला आळा घालण्यासाठी ५ जून १९६३ रोजी माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. सहा क्लबांनी मिळून एकवीस मुले निवडली. पहिले नाव गॅरी मोनाहनचे, वय सोळा. उत्तम मुले आधीच कुणाच्या ना कुणाच्या अर्जावर बांधलेली असल्याने सुरुवातीला हा उपक्रम उरलेसुरले वाटून घेण्यापुरताच होता. १९६९ पासून मात्र कनिष्ठ गटातील सर्व मुले ड्राफ्टमध्ये येऊ लागली.

चौदाव्या वर्षी एकदा, सतराव्या वर्षी पुन्हा

बेडार्डची निवड एकदा नव्हे, दोनदा झाली. १७ जुलै २००५ हा त्याचा जन्मदिवस. कॅनडातील कनिष्ठ लीगांचाही स्वतःचा ड्राफ्ट असतो. २०२० च्या वसंतात पश्चिम कॅनडाच्या लीगमध्ये रिजायना पॅट्स या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले, तेव्हा त्याला पंधरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्या वयाच्या मुलाला सहसा हंगामातले मोजकेच सामने खेळू देतात. पण त्याला ‘असाधारण खेळाडू’ असा दर्जा देऊन पूर्ण हंगाम खेळण्याची परवानगी मिळाली. पश्चिमेच्या लीगमध्ये असा दर्जा मिळालेला तो पहिलाच. सॅस्कॅचेवान प्रांताची राजधानी असलेले रिजायना हे गाव त्याच्या घरापासून रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर, प्रेअरीच्या सपाट प्रदेशात आहे.

तिथे त्याने जे केले त्यामुळे स्काउटांची, म्हणजे खेळाडू हेरत फिरणाऱ्या जाणकारांची, वाद घालण्याची गरजच संपली. २०२२-२३ च्या हंगामात ५७ सामन्यांत ७१ गोल आणि एकूण १४३ पॉइंट. त्याच हिवाळ्यात वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत सात सामन्यांत २३ पॉइंट, आणि कॅनडाला सुवर्णपदक. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि समोरचे बहुतेक खेळाडू त्याच्याहून मोठे होते.

आता वयाचा नियम. ज्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत मुलाला अठरावे वर्ष पूर्ण होते, त्या वर्षीच्या जूनमध्ये तो ड्राफ्टला पात्र ठरतो. बेडार्ड जुलैचा असल्यामुळे २८ जून २०२३ रोजी नॅशव्हिलमध्ये त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा तो कायद्याने अजून सज्ञानही नव्हता. ही तारीख किती निष्ठुर ठरू शकते याचे उदाहरण म्हणजे ऑस्टन मॅथ्यूज. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, मधले वर्ष त्याने स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या संघातून काढले आणि २०१६ मध्ये टोरांटोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. तो दोन दिवस आधी जन्मला असता तर कॉनर मॅकडेव्हिड आणि मॅथ्यूज हे या पिढीतील दोन सर्वांत मोठे खेळाडू एकाच ड्राफ्टमध्ये आले असते आणि निदान दोन शहरांचा इतिहास बदलला असता.

चौदा चेंडू, एक हजार एक जोड्या

सर्वांत वाईट संघाला सरळ पहिली पाळी दिली, तर हंगामाच्या अखेरीस दोन दुबळे संघ एकमेकांशी हरण्याचीच स्पर्धा करू लागतील, हे कुणाच्याही लक्षात येईल. १९८४ मध्ये मारिओ लेम्यूसारखा खेळाडू ड्राफ्टमध्ये येणार होता तेव्हा पिट्सबर्गवर आणि १९९३ मध्ये ऑटवावर असाच संशय घेतला गेला. १९९५ पासून लीगने त्यात सोडत आणली.

ही सोडत अशी असते. प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. तिच्यात न पोहोचलेले सोळा संघ सोडतीला पात्र ठरतात. यंत्रात १ ते १४ क्रमांकांचे चेंडू फिरतात आणि त्यांतून चार बाहेर येतात. क्रम न पाहता चौदांतून चार निवडण्याचे १,००१ प्रकार होतात; चार आकड्यांच्या अशा प्रत्येक गटाला इथे जोडी म्हणू. त्यांतला एक बाजूला ठेवतात आणि उरलेले हजार प्रकार संघांना आधीच वाटून देतात. २०२३ मध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या अॅनाहाइमला १८५ जोड्या मिळाल्या, त्याच्या वरच्या कोलंबसला १३५, तळातून तिसऱ्या शिकागोला ११५. अशा कमी होत होत सोळाव्या संघाच्या वाट्याला फक्त ५. अजून एक अट आहे. सोडत जिंकली तरी कोणत्याही संघाला दहा पायऱ्यांपेक्षा जास्त वर उडी मारता येत नाही. त्यामुळे या सोळांतले वरचे पाच संघ जिंकले तरी पहिली पाळी सर्वांत वाईट संघाकडेच राहते, आणि त्यांच्या एकूण ७० जोड्यांचा फायदा जमेस धरला तर अॅनाहाइमची संधी हजारात २५५ होते.

८ मे २०२३ रोजी चेंडू बाहेर आले ते शिकागोच्या ११५ पैकी एका जोडीचे. अॅनाहाइमला दुसऱ्या क्रमांकावर लिओ कार्लसन घ्यावा लागला, कोलंबसला तिसऱ्यावर अॅडम फँटिली. दोघेही उत्तम खेळाडू आहेत, पण त्यांच्या नावाच्या जर्सी त्या संध्याकाळपासूनच विकायला लागल्या नाहीत. गंमत म्हणजे २०१५ साली मॅकडेव्हिडसाठीची सोडत जिंकणारा एडमंटनही तळातून तिसराच होता आणि त्याचीही संधी बरोबर साडेअकरा टक्केच होती.

मग मुद्दाम हरणे थांबले का?

नाही. खेळाडू स्वतः हरायला मैदानात उतरत नाहीत. प्रत्येकाची पुढची नोकरी त्याच्या आकड्यांवर अवलंबून असते. हरण्याची व्यवस्था होते ती कार्यालयात. व्यवस्थापन चांगले खेळाडू दुसऱ्या क्लबांना देऊन टाकते आणि बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधील पाळ्या घेते. या पाळ्या जमिनीच्या उताऱ्यासारख्या हस्तांतरित होतात. शिकागोने २०२२ च्या जुलैमध्ये अॅलेक्स डब्रिंकॅटला ऑटवाकडे आणि कर्बी डॉकला माँट्रियलकडे पाठवले. २०२३ च्या फेब्रुवारीत पॅट्रिक केनला न्यूयॉर्कला जाऊ दिले. केन हा २००७ च्या ड्राफ्टमधील पहिला खेळाडू आणि शिकागोच्या तीन विजेतेपदांचा कणा होता. एवढे सामान घराबाहेर काढल्यावर संघ हरणारच, आणि तो हरला.

प्रेक्षकांचे तर विचारूच नका. मार्च २०१५ मध्ये बफेलो आणि अॅरिझोना हे तळाचे दोन संघ बफेलोत भिडले. अतिरिक्त वेळेत पाहुण्या अॅरिझोनाने विजयी गोल केला आणि यजमान प्रेक्षकांनी जल्लोष केला. त्यांना मॅकडेव्हिड हवा होता. आपल्याच मुलांच्या पराभवावर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक ही या व्यवस्थेची सर्वांत ओशाळवाणी बाजू आहे, असे मला वाटते. बफेलोला मॅकडेव्हिड मिळालाच नाही. दुसऱ्या क्रमांकाचा जॅक आयकल मिळाला आणि पुढे तोही भांडून निघून गेला.

पुढे लीगने नियम आणखी कडक केले. आता सोडत फक्त पहिल्या दोन पाळ्यांसाठी होते आणि पाच वर्षांत दोनदाच ती जिंकता येते. तरीही जोवर दुबळेपणाला काही ना काही मोबदला आहे, तोवर तो मोह राहणारच.

मुलाने नकार दिला तर?

देता येतो, आणि एकाने तो दिलाही. १९९१ मध्ये क्वेबेक नॉर्डिक्सने एरिक लिंड्रॉसला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याने त्या क्लबकडून खेळणार नाही असे आधीच सांगितले होते आणि निवडीनंतरही करार केला नाही. तो वर्षभर बाहेर राहिला. अखेर १९९२ मध्ये क्वेबेकने त्याचे हक्क फिलाडेल्फियाला दिले आणि बदल्यात खेळाडू, पुढील पाळ्या आणि रोख रक्कम असे गाठोडे घेतले. त्या गाठोड्यात पीटर फोर्सबर्ग नावाचा स्वीडिश मुलगा होता. क्लब १९९५ मध्ये कोलोराडोला हलला आणि १९९६ मध्ये त्याच फोर्सबर्गच्या जोरावर त्याने स्टॅन्ले कप जिंकला. लिंड्रॉसच्या हाती तो कप कधीच आला नाही. क्वेबेक शहराचे दुःख वेगळे: संघ गाव सोडून गेला आणि पुढच्याच वर्षी जिंकला.

करार न करणारा मुलगा काही वर्षे थांबून पुन्हा ड्राफ्टमध्ये येऊ शकतो. पण अठरा ते वीस ही या खेळात झपाट्याने वाढण्याची वर्षे असतात, आणि ती हट्टापायी घालवणे बहुतेकांना परवडत नाही.

पगाराची मर्यादा

बेडार्डने शिकागोशी करार केला तो आपल्या अठराव्या वाढदिवशी, १७ जुलै २०२३ रोजी. नवोदितांचा करार किती वर्षांचा आणि जास्तीत जास्त किती पगाराचा हे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारात आधीच ठरलेले असते. त्याच्या वयाला तीन वर्षे, आणि मूळ पगार वर्षाला जास्तीत जास्त साडेनऊ लाख डॉलर. त्याशिवाय कामगिरीवरील बोनस असतो. त्याच्या बाबतीत तो वर्षाला पस्तीस लाख डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. रक्कम आपल्याला प्रचंड वाटते. परंतु मॅकडेव्हिडला पहिल्या तीन वर्षांनंतरच्या करारात वर्षाला सरासरी सव्वा कोटी डॉलर मिळाले, हे शेजारी ठेवून पाहिले की क्लबाला पहिल्या तीन वर्षांत केवढी बचत होते ते कळते.

या बचतीला आणखी एका नियमामुळे धार येते. २००४-०५ मध्ये पगारांच्या वादावरून मालकांनी टाळेबंदी केली आणि अख्खा हंगाम रद्द झाला. त्यानंतर प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाख झाली. मर्यादा सर्वांना सारखी असल्यामुळे, स्वस्तात मिळालेला असामान्य खेळाडू हीच खरी श्रीमंती ठरते. म्हणून पहिल्या पाळीला एवढे महत्त्व आहे.

शंभरी मोजतात कशी?

आता शताब्दीकडे वळू. शिकागोला लीगचे सदस्यत्व मिळाले २५ सप्टेंबर १९२६ रोजी. मालक फ्रेडरिक मॅकलाफलिन हा कॉफीचा व्यापारी. पहिल्या महायुद्धात तो ज्या ‘ब्लॅकहॉक’ डिव्हिजनमध्ये अधिकारी होता तिचे नाव त्याने संघाला दिले. ते नाव मुळात सॉक या मूलनिवासी जमातीच्या एका नेत्याचे. त्या नेत्याचा चेहरा जर्सीवर असावा की नसावा हा वाद आज शताब्दीच्या वर्षातही मिटलेला नाही.

पहिला हंगाम १९२६-२७ चा धरला तर २०२५-२६ हा शंभरावा. पण टाळेबंदीमुळे बुडालेला हंगाम वगळला तर प्रत्यक्ष खेळलेला शंभरावा हंगाम २०२६-२७ हा ठरतो. शंभर वर्षे पूर्ण होतात ती २५ सप्टेंबर २०२६ रोजी. आपल्याकडेही संस्थेची शताब्दी नव्व्याण्णव वर्षे भरताच सुरू होते, त्यामुळे या हिशेबाचे फारसे नवल वाटू नये. शिवाय तीन प्रकारे मोजता येणारी शंभरी जर्सी विकणाऱ्यांच्या सोयीचीच असते.

बेडार्डची कारकीर्द अशा शंभऱ्यांच्या दाटीत वाढली आहे. त्याचा कनिष्ठ संघ रिजायना पॅट्स हा १९१७ चा, म्हणजे लीगच्याच वयाचा. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या मेमोरियल कप या कनिष्ठ स्पर्धेची शंभरावी आवृत्ती २०१८ मध्ये त्याच रिजायनात भरली होती. आणि ११ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने लीगमधील आपला पहिला गोल केला तो बॉस्टनमध्ये. ब्रुइन्सच्या शंभराव्या हंगामाचा तो घरच्या मैदानावरील पहिला सामना होता. बेडार्ड पक घेऊन गोलच्या मागून वळला आणि गोलरक्षक दुसऱ्या खांबाशी पोहोचण्याआधी त्याने तो आत सारला. सामना बॉस्टननेच जिंकला.

शताब्दी कुणाला लाभली नाही?

१९२६-२७ मध्ये लीगमध्ये दहा संघ होते. त्यांपैकी शिकागो, न्यूयॉर्क रेंजर्स आणि डेट्रॉइट हे तीन त्याच वर्षी दाखल झाले. त्या हंगामाचा स्टॅन्ले कप जिंकला ऑटवा सेनेटर्सने. १९३४ मध्ये ऑटवाचा संघ सेंट लुइसला हलवावा लागला आणि एका हंगामानंतर तो बंदच पडला. पिट्सबर्ग पायरेट्स, माँट्रियल मरून्स आणि न्यूयॉर्क अमेरिकन्स हेही महामंदी आणि युद्धाच्या काळात संपले. १९४२ पर्यंत दहांतले सहा उरले. पुढे त्यांनाच ‘मूळ सहा’ म्हणण्याची प्रथा पडली. वास्तविक ते मूळचे नव्हेत, तगलेले सहा आहेत.

ड्राफ्टचे इंगित मला इथे दिसते. ही पद्धत मुलाला न्याय मिळावा म्हणून जन्मलेली नाही. लहान शहरातला किंवा सलग हरणारा क्लब मरू नये आणि त्याच्या मैदानात येण्याचे प्रेक्षकांना काही तरी कारण उरावे, यासाठी लीगने उतरवलेला तो विमा आहे. आजच्या ३२ क्लबांपैकी पुढे कितीजण शंभरी गाठतील हे या विम्यावर बरेच अवलंबून आहे, आणि त्याचा हप्ता भरतो तो अठरा वर्षांचा मुलगा, आपल्या निवडीच्या स्वातंत्र्यातून. खेळाडूंची संघटना ही सक्ती मान्य करते. मात्र संघटनेत मत असते ते आत आलेल्या खेळाडूंना, दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांना नाही, हेही विसरू नये.

शिवाय तगून राहिलेली संस्था आपोआप आदरणीय होत नाही. २०१० च्या विजेतेपदाच्या मोसमात एका तरुण खेळाडूने क्लबच्या व्हिडिओ प्रशिक्षकाविरुद्ध केलेली लैंगिक अत्याचाराची तक्रार शिकागोच्या वरिष्ठांनी योग्य रीतीने हाताळली नाही, असे २०२१ मधील चौकशीत स्पष्ट झाले आणि लीगने क्लबला वीस लाख डॉलर दंड केला. दोनच वर्षांनी त्याच क्लबला सोडतीत बेडार्ड मिळाला. अनेकांना ते खटकले, आणि ते खटकणे रास्त होते. सोडतीचे यंत्र फक्त गुणतक्ता पाहते.

एवढा मोठा खेळाडू, तरी संघ तळालाच?

बेडार्डचा पहिला हंगाम बघा. जानेवारी २०२४ मध्ये एका जोरदार धडकेत त्याचा जबडा मोडला, चौदा सामने बुडाले; तरी ६८ सामन्यांत ६१ पॉइंट करून त्याने सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळवला. दुसऱ्या हंगामात सर्व ८२ सामने आणि ६७ पॉइंट. दोन्ही हंगामांत शिकागो ३२ संघांत एकतिसावा.

यात विसंगती काही नाही. आइस हॉकीत पूर्ण वेगाने स्केटिंग करणारा खेळाडू मिनिटभरात थकतो, म्हणून दर ४०-५० सेकंदांनी बदली होते. सर्वोत्तम आघाडीपटूही साठांपैकी साधारण वीस मिनिटेच बर्फावर असतो. उरलेली चाळीस मिनिटे इतरांची असतात, आणि त्या इतरांना तर शिकागोने बेडार्डसाठीच बाहेर पाठवले होते. मॅकडेव्हिडच्या एडमंटनला अंतिम फेरी गाठायला नऊ वर्षे लागली; २०२४ आणि २०२५ या दोन्ही अंतिम फेऱ्यांत फ्लोरिडाने त्यांना हरवले.

पहिल्या पाळीचा अंदाज दर वेळी बरोबर ठरतो असेही नाही. १९९३ मध्ये ऑटवाने ज्याच्यासाठी एवढी बदनामी ओढवून घेतली, तो अलेक्झांडर डेग साधारण खेळाडू निघाला. उलट डेट्रॉइटने १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर घेतलेला पावेल डात्सुक हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मानयादीत, जाऊन बसला. मार्टिन सेंट लुइसचे नाव तर कुठल्याही ड्राफ्टमध्ये कुणीच घेतले नव्हते. तोही तिथेच आहे.

मोकळा कधी?

२०२५-२६ हा बेडार्डच्या पहिल्या कराराचा शेवटचा हंगाम. तो संपल्यावरही खेळाडू पूर्ण मोकळा होत नाही. दुसऱ्या क्लबने देऊ केलेल्या कराराएवढा करार देऊन जुना क्लब त्याला ठेवून घेऊ शकतो, आणि जाऊ दिलेच तर बदल्यात ड्राफ्टमधील पाळ्या भरपाई म्हणून मिळतात. खरी मोकळीक मिळते ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी किंवा लीगमध्ये सात हंगाम पुरे झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा. बेडार्डच्या हिशेबात हा मुहूर्त २०३० च्या उन्हाळ्यात येतो, आणि त्याआधी शिकागोशी दीर्घ करार झाला तर तेवढी वर्षे आणखी पुढे जातो. रिजायनाने चौदाव्या वर्षी त्याचे नाव घेतले तेव्हापासून मोजले, तर कुठे खेळायचे हे स्वतः ठरवण्याचा त्याचा पहिला दिवस किमान दहा वर्षांनी उगवतो.